सहावी वाटी

पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्यांना सगळे कुलूपसाहेब म्हणायचे. म्हणजे तोंडावर कुलूपसाहेब आणि पाठ वळली की नुसतं कुलूप. भांडार त्यांच्या ताब्यात होतं, आणि त्यांच्या सहीशिवाय एक वॉशरसुद्धा तिथला उंबरठा ओलांडत नसे. कुणी घाईत येऊन "सही नंतर करतो" म्हणालं, तर "मग वॉशरही नंतर न्या" असं सांगून ते शांतपणे चहाचा कप उचलत. त्यांची बायको अगदी उलट स्वभावाची, दार उघडं आणि हात मोकळा, म्हणून कारखान्याच्या वसाहतीत तिचं नाव आपोआपच किल्ली पडलं. कुलूप आणि किल्ली. लोकांना नावं ठेवायला काही पैसे पडत नाहीत, पण ही नावं मात्र नेमकी ठेवली होती.

मग एक दिवस कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ आणि चार गोड शब्द देऊन कुलूपसाहेबांना घरी पाठवलं. नव्या भांडारपालाने पहिल्या आठवड्यात दोनदा फोन करून कशाकशाची जागा विचारली, पुढच्या आठवड्यात एकदा, आणि नंतर त्याचा फोन आलाच नाही. हा न आलेला फोन साहेबांना फार लागला. पण बोलून दाखवणाऱ्यांतले ते नव्हते. ते वर्तमानपत्राच्या घड्या आकाराप्रमाणे लावत बसले.

अशातच किल्लीबाईंच्या धाकट्या बहिणीच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि बाई काही दिवस तिच्याकडे राहायला निघाल्या. स्टेशनवर खिडकीतून त्या सूचना देत होत्या. साखर बिस्किटांच्या डब्यात आहे, बिस्किटं चहाच्या डब्यात. चहा कशात आहे ते सांगायच्या आत गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी चहासाठी स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली कोठीची खोली पालथी घातली. या घरात ते इतकी वर्षं राहत होते, पण कोठीत पाहुण्यासारखे जात. दारात उभं राहून "अगं, ते कुठंय?" विचारायचं आणि हातात मिळालं की निघायचं. आता विचारणार कुणाला? पिठाच्या डब्यात पीठ निघालं, तेव्हा त्यांना उगाच बरं वाटलं. पण तो योगायोग होता. मसुराच्या डब्यात मनुका होत्या, कॉफीच्या डब्यात सुया-दोरे. चहा शेवटी सापडला तो ठळक अक्षरांत 'मीठ' असं लिहिलेल्या चिनी मातीच्या बरणीत. मीठ कुठे आहे हे बघण्याची त्यांची हिंमत झाली नाही.

उभ्याउभ्या तो चहा पिताना साहेबांच्या अंगात काहीतरी संचारलं. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांना करण्यासारखं काही दिसत होतं. त्यांनी कपाटातून कारखान्याचा खाकी कोट काढला, खिशाला पेन अडकवलं आणि जाहीर केलं, म्हणजे भिंतीला सांगितलं, की आजपासून स्टॉकटेकिंग.

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, असं म्हणणारे म्हणतील. पण खरं सांगायचं तर त्यात नुसता रिकामपणा नव्हता. बायको परत येईल, दारात थबकेल आणि म्हणेल, "अहो, हे सगळं तुम्ही केलंत?" एवढं एक वाक्य त्यांना हवं होतं. भांडारात असं वाक्य कुणी कधी म्हणालं नव्हतं, पण तिथे ते सगळ्यांच्या नजरेत असे. घरी नजरेतही नव्हतं.

कोठी रिकामी करायला लागल्यावर ती केवढी भरलेली होती ते कळलं. जमिनीवर जुनी चादर पसरून त्यांनी एकेक वस्तू मांडत नेली. किसण्या तीन निघाल्या, त्यांतली एक बोटंच किसणारी. झाकणं नसलेले डबे एका बाजूला आणि डबे नसलेली झाकणं दुसऱ्या बाजूला अशी रांग लागली, पण जोडी काही एकाचीही जुळेना. आइस्क्रीमचे रिकामे डबे एकात एक घालून छातीएवढे झाले. एका पिशवीत पिशव्या होत्या, त्या पिशव्यांतही पिशव्या होत्या. ड्रॉवरमध्ये रबरबँड, अर्धवट जळलेल्या मेणबत्त्या आणि कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या चार किल्ल्या. मिरपूड तर अशी, की वास घेतल्यावर शिंकसुद्धा येईना.

भांडाराचा नियम सोपा होता. वर्षभरात जागचं हललं नाही ते डेड स्टॉक, त्याला बाहेरची वाट. आता दुसऱ्याच्या कोठीत काय हललं आणि काय नाही, हे कसं ओळखायचं? साहेबांनी धुळीचा न्याय लावला. वस्तूवरून बोट फिरवायचं. बोट मळलं तर बाहेर, स्वच्छ राहिलं तर आत. हा न्याय त्यांनी तीन दिवस काटेकोरपणे पाळला, आणि मोडला तो फक्त एकदा.

झालं असं, की तांदळाचा मोठा डबा उपसताना त्यांच्या हाताला आत खोचलेली एक स्टीलची वाटी लागली. लग्नात आलेल्या सहा वाट्यांच्या सेटमधली. बाकीच्या पाच कपाटात मिळाल्या होत्या. साहेबांनी सहाच्या सहा धुतल्या, पुसल्या आणि एकात एक रचायला घेतल्या. पाच वाट्या अगदी लष्करी शिस्तीत बसल्या. सहावी काही बसेना, कारण तिच्या एका अंगाला चांगला खोल पोचा होता. वर ठेवली तर डुगडुगायची, खाली ठेवली तर बाकीच्यांना उचलून धरायची. साहेबांनी ती तीनदा फिरवून बघितली. धुळीच्या न्यायाने पाहिलं तर ती निर्दोष सुटायला हवी होती, कारण घरातली सगळ्यात चकचकीत वाटी तीच होती. पण रांगेत न बसणारी वस्तू त्यांना आयुष्यात कधी सहन झाली नव्हती. ती भंगाराच्या पोत्यात गेली. तांदूळ मोजायला काहीतरी लागणारच, म्हणून पाचांतली एक कोरी वाटी त्यांनी डब्यात खोचली आणि चार कपाटात रचून ठेवल्या.

पोतं भंगारवाल्याकडे पोचलं. बाजारातून एकाच मापाच्या काचेच्या बरण्या आल्या. जड माल खाली, रोजचा माल हाताशी, आधी आलेला पुढे आणि मागून आलेला मागे अशी सगळी मांडणी झाली. आणि शेवटी साहेबांनी त्यांच्या टपोऱ्या भांडारी अक्षरात प्रत्येक बरणीवर, खणावर, ड्रॉवरवर चिठ्ठी चिकटवली. मीठ. साखर. मसूर. चमचे, मोठे. चमचे, लहान. काम संपल्यावर ते कोठीत स्टूल टाकून बसले आणि नुसतं बघत राहिले. माणसं समुद्राकडे बघतात तसे.

किल्लीबाई परतल्या आणि खरोखरच दारात थबकल्या. मग हसल्या. मग बरण्यांसमोरून दुकानात फिरल्यासारख्या हळूहळू फिरल्या, एक खण उघडून बघितला, बंद केला. "अहो, हे सगळं तुम्ही केलंत?" त्या म्हणाल्या. शब्द न् शब्द तेच वाक्य. साहेबांनी लेकीला फोन लावून आईकडे दिला, म्हणजे ते वाक्य आणखी एकदा ऐकायला मिळेल. त्या फोनवर म्हणाल्या की आता इथे तिकीट लावायला हवं, आणि साहेब दुसऱ्या खोलीत जाऊन एकटेच हसले.

संध्याकाळी तांदळाच्या डब्यात हात घातल्यावर बाईंनी विचारलं की माझी चेपलेली वाटी कुठे गेली. साहेबांनी सांगितलं, भंगारात, पण तशाच पाच आहेत की. बाई म्हणाल्या, हो, एकाच सेटमधल्या तर आहेत. विषय तिथेच संपला. वाटीसाठी कोण भांडत बसतं?

त्या दिवशीचा भात कडक झाला. प्रवासाचा शीण, म्हणून कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशीही दाण्यात कणी राहिली. मग तांदळाला दोष दिला, मग पाण्याला, मग गॅसच्या शेगडीला. मसुराचं सूप पिठल्यासारखं घट्ट आणि चवीला सपक झालं, मीठ नेहमीइतकंच घातलं असूनही. चहा असा, की रंग आहे पण चहा नाही. बाईंचा हात म्हणजे वसाहतीत प्रमाण होता. त्यांच्या घरी जेवलेला माणूस दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून परत यायचा. त्याच हाताने आता रोज काहीतरी बिनसत होतं. पहिल्या दिवशी त्या हसल्या, चौथ्या दिवशीही हसल्या, पण मधे क्षणभर थांबून.

त्यातून नव्या मांडणीत त्यांचा हात जुन्याच जागी जायचा. मिठासाठी वरच्या फळीवर, चमच्यासाठी खिडकीजवळ. ड्रॉवर उघडून त्या उभ्या राहत आणि आपण काय घ्यायला आलो हेच विसरत. साहेब मागून लगेच मदतीला धावत. "तिसरा खण, डावीकडे," असं ते उत्साहाने सांगत. आपण मदत करतोय अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

नातीचा वाढदिवस जवळ आला होता. दरवर्षी आजीच्या हातचा साधा केक असे. वर काही नक्षी नाही, आत काही भरलेलं नाही, पण नात तो हावरटासारखी खायची. आधी एकदा करून बघू म्हणून बाईंनी केक केला. तो उंचीला चांगला फुगला होता, पण सुरी घातली तर भुगा पडायला लागला. साहेबांनी दोन तुकडे पाण्याच्या घोटासोबत गिळले आणि छान झालाय म्हणाले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. ते लगेच दिसलं.

बाईंनी केक झाकून ठेवला, ओटा पुसला, पुसलेला ओटा पुन्हा पुसला. मग बरण्यांच्या रांगेकडे बघत म्हणाल्या, "बरं झालं तुम्ही चिठ्ठ्या लावल्यात. आईच्या घरीही शेवटी लावल्या होत्या."

सासूबाईंचं शेवटचं दुखणं साहेबांनी पाहिलं होतं. त्याची सुरुवात स्वयंपाकघरातच झाली होती. आधी सूप दोनदा खारट झालं, मग दूध पातेल्याशिवायच शेगडीवर ओतलं गेलं, मग घरातल्यांनी डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या, आणि शेवटी शेवटी पोटच्या मुलींना त्या "तुम्ही कुणाकडे आलात?" असं विचारायच्या. किल्लीबाईंनी आईच्या त्या दिवसांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता. आता कळलं, की आपल्यावरही तीच वेळ येणार या भीतीने मनातून त्या दिवस मोजतच होत्या.

"काहीतरीच काय," साहेब म्हणाले. याहून निरुपयोगी शब्द मराठीत नसतील.

संध्याकाळी बाईंनी लेकीला फोन करून सांगितलं, की यंदा केक बेकरीतून आण, आणि जेवणाचंही बाहेरूनच मागवू. लेकीने विचारलं, आई, बरी आहेस ना? बाई म्हणाल्या, बरी आहे, कंटाळा आलाय. स्वयंपाकाचा कंटाळा त्यांना आजवर आला नव्हता, हे फोनच्या दोन्ही बाजूंना माहीत होतं.

साहेब बाहेरच्या खोलीत तो फिका चहा घेऊन बसले. त्यांना भीती वाटत होती. चांगली, सरळ भीती. आपण म्हातारे झालो हे त्यांनी घड्याळासोबत स्वीकारलं होतं, पण ही आपल्याला विसरेल हे त्यांच्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. भीती वाटली की माणसं देवाचं नाव घेतात, कुणी येरझाऱ्या घालतात. कुलूपसाहेब उठून कोठीत गेले आणि माल बघायला लागले. त्यांना तेवढंच येत होतं.

आणि तिथे घोडं कुठे पेंड खातंय ते दिसलं. तांदळाचा डबा तळाला गेला होता. आपण स्वतः काठोकाठ भरलेला डबा, घरात माणसं दोनच, पाहुणा एक नाही, तरी एवढ्यात तळ? मसुराची बरणीही तशीच. पिठाचीही. मीठ मात्र जिथल्या तिथे. चहापत्तीही पुरून उरली होती. साहेब बरण्यांसमोर उभे राहिले आणि निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांचं डोकं पूर्वीसारखं लख्ख चालायला लागलं. एखाद्या मालात तूट आली तर चोर शोधावा. सगळ्याच मालात एकाच बाजूने फरक आला तर चोर मालात नसतो, काट्यात असतो. हे वाक्य त्यांनी भांडारात किती जणांना ऐकवलं होतं.

बाई तांदूळ वाटीने मोजायच्या, पण पाणी काचेच्या जगाने, त्यावरच्या निळ्या फुलापर्यंत. मसूर वाटीने, मीठ चमच्याने. चहाचं पाणी वाटीने, चहापत्ती चमच्याने. केकचं पीठ वाटीने, अंडी मोजून. जे जे वाटीने घेतलं ते जास्त होत होतं आणि बाकीचं त्याला पुरं पडत नव्हतं. वाटी मोठी झाली होती! म्हणजे वाटी तेवढीच होती, पण जुन्या वाटीत तो पोचा होता, आणि पोच्याएवढी जागा तिच्यात कमी होती. सगळ्या संसाराचा स्वयंपाक त्या पोच्याला धरून बसला होता. भांडारातलं प्रमाण वजन ते काचेच्या पेटीत ठेवत, त्याला कुणाला हात लावू देत नसत, आणि इथे घरातलं प्रमाण माप त्यांनी स्वतःच्या हाताने पोत्यात टाकलं होतं. का, तर रांगेत बसत नाही.

चपला उलटसुलट घालून साहेब भंगारवाल्याकडे पोचले. भंगारवाला पत्र्याच्या ढिगावर बसून रेडिओ दुरुस्त करत होता. वाटी म्हणताच त्याने कान टवकारले, स्टीलची म्हणताच परत पाडले. सगळं स्टील कधीच भट्टीकडे गेलं होतं. त्याच्या मते त्या वाटीचा एव्हाना नळ झाला असेल, कदाचित साहेबांच्याच घरी येईल. साहेबांना हसू आलं नाही, तेव्हा त्याने दिलगिरी म्हणून एक चेपलेलं ताट देऊ केलं.

घरी येऊन साहेबांनी बाईंना ओट्याजवळच्या खुर्चीत बसवलं आणि सगळं समजावून सांगितलं. काटा, पोचा, जगावरचं निळं फूल. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग त्यांच्या हातावर हात ठेवला. "वाटी ती वाटी, अहो. मला बरं वाटावं म्हणून शोधून काढलंत. असू दे."

"अगं, मी उभ्या आयुष्यात कुणाला बरं वाटावं म्हणून एक वॉशर दिला नाही," साहेब म्हणाले. "तुला काय वाटी देणार?"

हे मात्र बाईंना पटण्यासारखं होतं. त्या किंचित सरसावून बसल्या.

बोलून उपयोग नव्हता, करून दाखवायला हवं होतं. साहेबांनी अवजारांच्या पेटीतून हातोडी काढली, डब्यातली कोरी वाटी लाकडी पाटावर ठेवली आणि एक घाव घातला. घाव इतका भीत भीत होता, की वाटी नुसती टुणकन उडून फ्रीजखाली गेली. झाडूच्या दांड्याने ती काढली. दुसऱ्या घावाला एक लाजरा खळगा पडला. आता तो केवढा हवा, कुठे हवा? जुनी वाटी तर भट्टीत. तिचं माप कुणाकडे होतं?

माप बाईंच्या अंगठ्यात होतं. साहेबांनी वाटी त्यांच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती तांदळात बुडवल्यासारखी धरली आणि अंगठा आपोआप बाहेरच्या अंगाला जाऊन टेकला. त्यांनी भुवई वर केली.

"इथे नाही," त्या म्हणाल्या. "बोटभर खाली."

साहेबांनी ठोकलं. बाईंनी धरून बघितलं, डोळे मिटून. अजून खोल, म्हणाल्या. परत ठोकलं. फार रुंद झालं, आता कडेने दाबा. ओट्यावर कारखाना सुरू झाला. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या, चांगल्या वाटीला हातोडीने बडवणारा नवरा आणि त्याला "आणखी एक हाणा" म्हणणारी बायको त्यांनी पाहिली, आणि काही न विचारता परत गेल्या. त्यांना वाटलं असेल, निवृत्ती कुणाकुणाला अशी बाधते.

मधेच बाई हातोडीकडे बघून थांबल्या. ती वाटी मुळात कशी चेपली होती, आठवतंय का, असं त्यांनी विचारलं. साहेबांना आठवत नव्हतं. बाईंना लख्ख आठवत होतं. लग्नानंतरचं पहिलं बिऱ्हाड, स्वयंपाकघरात फळी ठोकायला साहेब स्टुलावर चढलेले, आणि हातोडी निसटून खाली ओट्यावरच्या नव्याकोऱ्या वाटीवर पडली. हीच हातोडी. "मी घाबरून वाटी उचलली, आणि तुम्ही वरून काय विचारलंत? हातोडीला काही झालं नाही ना." तेव्हापासून ती वाटी पाहुण्यांसमोर मांडता येईना, म्हणून तांदळात गेली. बाईंना तेव्हा साधा चहाही धड येत नव्हता. जे काही शिकल्या ते त्या वाटीने मोजून.

एवढं बारीकसारीक सांगताना आपण एकदाही अडखळलो नाही, हे सांगून झाल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. त्या साहेबांकडे बघत राहिल्या.

"हातोडीला आजही काही झालेलं नाही," साहेब म्हणाले.

शेवटचा घाव हलकाच बसला. बाईंनी वाटी हातात घेतली, अंगठा टेकवला आणि तांदळाच्या डब्याकडे गेल्या. दोन वाट्या तांदूळ, निळ्या फुलापर्यंत पाणी, चमचाभर मीठ. मीठ घेताना हात वरच्या फळीकडे गेला आणि तिथून चिठ्ठीच्या दिशेने वळला. झाकण ठेवलं. दोघं पातेल्यासमोर उभे राहिले, निकालाच्या दिवशी शाळेच्या फलकासमोर उभे राहतात तसे.

भात झाल्यावर बाईंनी झाकण काढलं, वाफ जाऊ दिली आणि दोन दाणे बोटांत दाबून बघितले. मग चमचाभर तोंडात घातला. साहेबांना भाताकडे बघवेना, म्हणून ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. बाईंनी घास गिळला, दुसरा घेतला, तिसराही उभ्याउभ्याच खाल्ला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि त्या खातच होत्या. वाफेमुळे आलं असं म्हणायची सोय होती, पण त्यांनी तसं काही म्हटलं नाही. "मी फार घाबरले होते हो," एवढंच म्हणाल्या.

साहेब म्हणाले, मीही. आणि मग दोघांनी नुसता भातच, त्याच पातेल्यातून, सगळा संपवला.

थोड्या वेळाने बाईंनी लेकीला फोन लावला. बेकरीला सांगितलं असशील तर नाही म्हणून कळव, केक घरीच होणार आहे, असं त्या ठणकावून म्हणाल्या. कंटाळा गेला का, असं लेकीने विचारलं. तो तुझ्या बाबांनी भंगारात टाकला होता, आता ठोकून सरळ केलाय, असं उत्तर तिला मिळालं, आणि त्याचा अर्थ लावायला तिला वाढदिवसापर्यंत वेळ होता.

साहेबांनी वाटी धुतली, पुसली. सवयीने ती कपाटातल्या चार वाट्यांवर ठेवून बघितली. ती डुगडुगली. त्यांनी ती उचलून तांदळाच्या डब्यात खोचली आणि झाकण लावलं. मग स्टूल ओढून ते बरण्यांसमोर आले आणि पहिल्या बरणीवरची चिठ्ठी नखाने सोलायला लागले. ती बघितल्यावर बायकोला काय आठवतं हे कळल्यापासून त्यांना ते स्वतःचंच अक्षर बघवत नव्हतं.

बाईंनी मागून येऊन त्यांचा हात धरला. सोलून निघालेला कोपरा अंगठ्याने परत दाबून बसवला, त्याच अंगठ्याने.

"राहू द्या त्या," त्या म्हणाल्या. "मला नकोत, तुम्हाला लागतील. उद्यापासून सकाळचा चहा तुमच्याकडे."